नानांच्या माथी मारलेलं माझं गप्प बसणं

हे मी कोणाजवळही बोललेले नाही. देवाजवळसुद्धा नाही. त्याला न सांगता कळतं असं म्हणतात, म्हणून तिथे मी नुसते हात जोडले आणि पुढे निघाले. नवऱ्याजवळ बोलायला हवं होतं, ते गेले. आता तुमच्याजवळ बोलते. तुमची-माझी ओळख नाही, हे बरंच आहे. ओळखीचं माणूस समोर असलं की मी पुन्हा खोटं बोलेन. सवय आहे मला. मशेरी सुटली, ही नाही सुटली.

आमच्या गावात माझ्याविषयी एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गावाचं नाव सांगत नाही. चोपड्याहून यावलकडे निघालात की एसटी केळीच्या बागांमधून जाते, त्या वाटेवर कुठेतरी आहे असं समजा. तर ती गोष्ट अशी: सिंधूअक्का नगरपालिकेत निवडून आल्या, बाई हुशार, बोलायला खणखणीत, पण ऐन वेळी नवऱ्यानं त्यांचं तोंड दाबलं. पक्षासाठी. बिचारी.

हे 'बिचारी' मी इतकी वर्षं शालीसारखं पांघरून हिंडते आहे. फार ऊबदार असतं ते. तुम्ही कधी पांघरलंय?

परवा नात आली होती जळगावहून, कॉलेजला सुट्टी म्हणून. तिला काहीतरी लिहून न्यायचं होतं, राखीव जागांवर पहिल्यांदा निवडून आलेल्या बायकांवर. वही-पेन घेऊन स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आजी, नानांनी तुला उठूच दिलं नाही ना त्या सभेत?" आणि भिंतीवरच्या फोटोकडे असं बघितलं, की फोटोतला माणूस असता जिवंत, तर त्यानं मान खाली घातली असती. जिवंतपणीही तो तेच करत आला.

मी पोह्यांवर लिंबू पिळत होते. पिळत राहिले. म्हणाले, "जाऊ दे गं. तो काळच तसा होता."

काळ! बघा — नवरा पुरला नाही, म्हणून मी काळालाही पुढे केलं. तिनं ते वहीत लिहून घेतलं.

म्हणून आता सांगते. पण सरळ नाही सांगता येत. थोडं मागून यावं लागेल.

मी मूळची धुळ्याची, देवपूरची. पांझरेच्या त्या काठावर शाळा-कॉलेजं, त्यामुळे तिकडच्या पोरींना आपण फार शिकलेल्या आहोत असं उगीच वाटायचं. मला तर वाटायचंच. शाळेत असताना वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला होता. बक्षीस म्हणून पितळेचा पेला मिळाला, त्यावर माझं नाव कोरलेलं. लग्नात तो पेला मी शालूच्या घडीत गुंडाळून सासरी आणला. दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवला. लग्नानंतर वीस वर्षं मी चार माणसांसमोर एक वाक्य बोलले नाही, पण पेला मात्र दर महिन्याला चिंचेनं घासत होते. आणि हळदीकुंकवाला बायका यायच्या आधी तो जरासा फिरवून ठेवायचे. का? तर दारातून आत येताना अक्षरं दिसावीत. बायका बिचाऱ्या कुंकू लावून, वाण घेऊन जायच्या. एकीनंही कधी ते वाचलं नाही. हसा. मीही हसते आता त्या बाईला. हसू येतं, आणि मग येत नाही.

आमचे हे — त्यांना सगळं गाव नाना म्हणायचं, मीही नानाच म्हणेन — केळीच्या बागेचे मालक आणि पक्षाचे जुने कार्यकर्ते. सदऱ्यावर कायम केळीच्या चिकाचे काळे डाग, आणि बोलणं कमी. नव्वदीच्या दशकात बायकांना राखीव जागा आल्या, आमचा वॉर्ड बायकांसाठी निघाला, आणि पक्षाची माणसं घरी येऊन म्हणाली की नाना, वहिनींना उभं करा. नानांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि मला विचारलं, तुला उभं राहायचंय का, नको असेल तर मी नाही कळवतो. त्यांना काय माहीत, की ती माणसं चहा पीत होती तेव्हाच मी आतल्या खोलीत अर्ज भरायला कोणतं लुगडं नेसायचं ते ठरवून टाकलं होतं.

निवडून आले. पालिकेच्या सभागृहात सतरा खुर्च्या. आमचे नऊ, त्यांचे आठ. बायका सहा — तीन इकडच्या, तीन तिकडच्या — आणि सहाही जणी मागच्या रांगेत. पुढच्या खुर्च्यांना हात होते, मागच्यांना नव्हते. पहिल्याच दिवशी माझ्या शेजारी कमलबाई येऊन बसली. ती तिकडची, म्हणजे विरोधी पक्षाची. नाल्याकडच्या वस्तीतून निवडून आलेली. आठवड्याच्या बाजारात भाजी विकायची. शिक्षण तिसरीपर्यंत, सही करायला तिला एक मिनिट लागायचं, आणि ते एक मिनिट पुढची माणसं मुद्दाम घड्याळ बघायची. तिनं खुर्चीला हात शोधले, सापडले नाहीत, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अक्का, आपला पक्ष एकच शे. मांगनी खुर्चीना."

मागच्या खुर्चीचा पक्ष! मला ती बाई आवडली. हे मी खरं सांगते आहे — पुढचं ऐकलंत की हे खोटं वाटेल, म्हणून आताच सांगून ठेवते.

तिच्याकडून मी कितीतरी वर्षं मेथी घेत होते, आणि वर कोथिंबिरीच्या दोन काड्यांसाठी वाद घालत होते. पण बाजाराच्या दिवशी ती पाणी पीत नाही, हे मला माहीत नव्हतं. तिनंच सांगितलं, हसत. ती एकटीच नव्हे, बाजारात बसणारी एकही बाई पीत नसे. सकाळी आठला पाटी उतरवायची ती संध्याकाळी उचलायची. मधे जायचं कुठे? पुरुष बाजाराच्या मागच्या भिंतीशी जायचे. बायकांना जागाच नाही. मग उपाय काय? तोंडात पाणी घ्यायचं, चूळ भरायची आणि टाकून द्यायची. वैशाखात. आमच्याकडचा वैशाख तुम्हाला माहीत आहे ना? डांबर चपलेला चिकटतं.

त्या मागच्या भिंतीपलीकडे पालिकेची एक मोकळी जागा होती. आमच्या पक्षातल्या माणसांना तिथे दुकानांचे गाळे काढायचे होते. कमलबाईला तिथे बायकांसाठी संडास-मुतारी आणि पाण्याचा नळ हवा होता. तिचा पक्ष तिला म्हणत होता, बाई, हात आपले आठ, कशाला तोंडघशी पडायचं?

मग आम्ही बिबडे केले.

बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड हो. ज्वारी भिजवायची, भरडायची, तीळ-मिरची घालून त्याचा घाटा शिजवायचा आणि गरम असतानाच ओल्या हातांनी ओल्या फडक्यावर थापायचा. एकटीचं काम नाही. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, अशा पाळीपाळीनं एकमेकींच्या गच्चीवर जातात. कोण कोणाकडे गेली, का गेली, हे कोणी विचारत नाही. तर त्या वर्षी आम्ही सहा नगरसेविका एकमेकींकडे बिबडे करायला गेलो. इकडच्या तिघी, तिकडच्या तिघी. उन्हं चढायच्या आत घाटा खाली उतरायचा, आणि घाट्याबरोबर विषयपत्रिकाही. पाण्याच्या वेळा, दिव्याचे खांब, बालवाडीचं छप्पर — पुरुषांनी सभेत दोन-दोन तास भांडून जे अडवलं होतं, ते आम्ही फडकं सुकायच्या आत ठरवून मोकळ्या व्हायचो. आमच्या पक्षाला काहीतरी वास लागला. त्यांनी एका कार्यकर्त्याला बघायला पाठवलं. त्याला आम्ही वाटीभर गरम घाटा दिला, वर तेलाची धार. त्यानं तो पुसून खाल्ला आणि खाली जाऊन सांगितलं, बायका बिबडे करताहेत. खोटं कुठे बोलला तो?

बाजारामागच्या जागेचा ठरावही असाच गच्चीवर शिजला. त्यातली युक्ती तुम्हाला समजायला हवी. ठरावाला एक सूचक लागतो, म्हणजे मांडणारा, आणि एक अनुमोदक, म्हणजे उठून 'मी अनुमोदन देते' म्हणणारा. दोघं एकाच पक्षाचे असले, की तो त्या पक्षाचा ठराव. लगेच हात मोजायचे, आणि आमचे एकानं जास्त. पण सूचक तिकडचा आणि अनुमोदक इकडचा असला, तर? मग तो कोणाचाच ठराव राहत नाही, गावाचा होतो, आणि विरोध कोणी कोणाला करायचा हेच पुरुषांना समजत नाही. मी उठले की आमच्यातल्या दुसऱ्या दोघी हात वर करणार होत्या. त्या माझ्याकडे बघून चालायच्या. झालं असतं. नक्की झालं असतं.

मांडणार कोण? मला वाटलं, मी. यात विचारायचं काय? सहा जणींत शिकलेली मी, उच्चार शुद्ध माझे, पेला माझा! ठरावावर बोलायचं वाक्यसुद्धा मी करून ठेवलं होतं, तिथेच, घाटा थापता थापता — 'आमच्या बाजारातली बाई पाण्याला घाबरते.' सगळ्या जणी म्हणाल्या, वा अक्का. आणि मग आमच्यातलीच एक म्हणाली, "मांडू दे कमलबाईला. तहान तिची आहे."

मी म्हणाले, हो, अगदी बरोबर. आणि माझ्या हाताखालचा बिबडा मधोमध फाटला. घाटा पातळ झालाय, असं म्हणाले मी. घाटा चांगला होता. खरं तर माझी चूक इथेच सुरू झाली, सभागृहात नव्हे. पण इथे कोणी बघितलं नाही, फाटलेला बिबडा मी गोळा करून तोंडात टाकला.

घरी नानांना सांगितलं. आणि हे नीट ऐका, कारण सगळं गाव यापुढचं खोटं ऐकत आलंय. मी मनातून धरून चालले होते की ते नाही म्हणतील. पक्षाचं माणूस, गाळ्यांवर पक्षाचा डोळा. ते बागेतून आले होते, हातपाय धूत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग टॉवेलनं एकेक बोट पुसत म्हणाले, "शब्द दिलाय ना तिला? मग उठ. पक्षाचं मी बघतो."

एवढंच. परवानगी नाही दिली, अट नाही घातली, उपकार नाही केले. मी मागितला असता तर त्यांनी त्या दिवशी राजीनामासुद्धा दिला असता. आणि मला — लाज वाटते सांगायला — मला जरा निराशा झाली. नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं, असं एक बारीकसं वाटून गेलं.

सभेचा दिवस. पंखा कुईकुई करत होता. मुख्याधिकारी रुमालानं मान पुसत होते. जागेचा विषय आला, आणि कमलबाई उठली. तिच्या हातात कागद होता, माझ्याच अक्षरातला, मीच लिहून दिलेला. तिनं तो उघडला, बघितला, आणि घडी करून कमरेला खोचला. मग बोलली. तिच्या बोलीत, बाजारात भाव सांगतात त्या आवाजात. बाजार सांगितला, ऊन सांगितलं, चूळ सांगितली. पुरुषांच्या सभेत बाईनं चुळीचं सांगणं! आणि शेवटी थांबून म्हणाली, "आमना बजारनी बाई पानीले भ्यास."

माझं वाक्य.

माझं वाक्य, पण माझ्या तोंडून ते इतकं चांगलं कधीच आलं नसतं. पंख्याचा आवाज तेवढा. पुढच्या रांगेत आमच्याच पक्षाचे एक म्हातारे नगरसेवक होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे, कोणाचं कधी ऐकून न घेणारे. ते मान हलवून हळूच म्हणाले, "खरं शे, बाई."

ते 'खरं शे' माझं होतं. वीस वर्षं मी त्याच्यासाठी पितळ घासत होते. वाक्य माझं होतं! — आणि तहान? तहान कोणाची होती, सिंधू? जिनं आयुष्यात कधी बाजारात पाटी मांडली नाही, तिची?

पण हे आत्ताचं शहाणपण. तेव्हा असं काही वाटलं नाही. तेव्हा नगराध्यक्ष म्हणाले, "अनुमोदन?"

आणि मी उठले नाही.

तुम्हाला वाटेल, घाबरले असेन. गावाला तसंच वाटलं. शप्पथ सांगते, भीती नखाएवढीही नव्हती. पाय जड झाले नाहीत, घसा सुकला नाही. मला एवढंच वाटलं, की आता मी उठले तर हिचं भाषण पूर्ण होईल. बाकी काही नाही. इतकी लहान गोष्ट आहे ती. मोठं कारण असतं तर मी केव्हाच सांगून टाकलं असतं.

मी पंख्याकडे बघत राहिले. आमच्यातल्या दोघी माझ्याकडे बघत होत्या, मी उठत नाही म्हणून त्याही उठेनात. कमलबाई वळली. "अक्का?" म्हणाली — झोपलेल्या माणसाला हलकेच उठवतात ना, तसं.

नगराध्यक्षांना अशा गोष्टी चटकन कळायच्या. ते खुर्चीत मागे रेलले आणि गोड आवाजात विचारलं, "काय सिंधूताई, काही बोलणं झालं होतं का तुमचं?"

इथे तरी गप्प बसायचं ना? गप्प बसण्यात मी तरबेज होते. पण नाही. तेवढ्यासाठी मी उठले. म्हणाले, "नाही. माझं असं काही बोलणं झालेलं नाही."

त्या दिवशी सभेत मी बोललेलं हे एकच वाक्य. उच्चार मात्र अगदी स्पष्ट होते. देवपूरचे.

कमलबाई म्हणाली, गच्चीवर ठरलं होतं, बिबड्यांच्या वेळी. लगेच पुढच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, "ठराव गच्चीवर वाळत घातला होता का, बाई?" सभागृह हसलं. दोन्ही बाजू हसल्या. पुरुषांची त्या दिवशी मात्र एकी झाली. मीही हसले. थोडंसं. ओठ मिटून. हे कोणी बघितलं की नाही, ठाऊक नाही. कमलबाईनं बघितलं नसावं, नाहीतर पुढे ती तशी वागली नसती.

मग त्यांच्यातल्या एकीनं धडपडत अनुमोदन दिलं. पण आता तो त्यांचा ठराव झाला होता. आठ हात वर, नऊ खाली. आबांचा हातसुद्धा मांडीवर होता, त्यांनी तो दुसऱ्या हातानं धरून ठेवला होता. मुख्याधिकाऱ्यांनी लिहिलं: नामंजूर.

जिन्यात ती उभी होती. मला वाटलं, आता ही शिव्या देणार. मी उत्तरंही तयार केली होती, तीन-चार, चांगली. तिनं माझा हात हातात घेतला. तिचा तळवा खरखरीत होता. म्हणाली, "जाऊ द्या अक्का. तुमना काय दोष? घरमा आयकनं पडस. नाना बोलनात का?"

घरातल्यांचं ऐकावंच लागतं बाईला, नाना रागावले का — असं विचारत होती ती मला. तिनंच दार उघडून दिलं, बघा. मला नुसतं आत जायचं होतं. मी 'हो' म्हटलं नाही. 'नाही'ही म्हटलं नाही. मान खाली घातली आणि पदर डोळ्यांना लावला.

डोळे कोरडे होते. मी पदराआडून बघत होते, तिला पटलं का ते. पटलं होतं. तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. नाना घरी आले तेव्हा त्यांनी दोन्ही गोष्टी ऐकलेल्या होत्या — ठराव पडला, आणि नानांनी बायकोला उठू दिलं नाही. जेवायला बसले. कळण्याची भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. त्यांनी घास मोडला आणि शांतपणे विचारलं, मी कधी नको म्हणालो होतो?

त्या एका माणसासमोर तरी खरं बोलता आलं असतं. त्यांनी मारलं नसतं, ओरडले नसते. फार तर म्हणाले असते, वेडी आहेस. पण मी काय म्हणाले? म्हणाले, तुमच्यासाठीच केलं. तुम्ही नाही म्हणाला नाहीत, पण पक्षात तुमचे हाल झाले असते. मला ते बघवलं नसतं.

ते ताटाकडे बघत म्हणाले, "म्हणजे लोक म्हणतात ते बरोबर आहे. माझ्यामुळेच झालं."

अर्धी भाकरी तशीच ठेवून ते उठले.

त्यानंतर त्यांनी कोणालाही सांगितलं नाही की मी तसं बोललो नव्हतो. एकदाही नाही. पक्षाच्या कार्यालयात जाणं त्यांनी हळूहळू सोडलं. बाजारातल्या बायका त्यांना बघून पदर सारखा करत आणि बोलणं थांबवत. ते भाजी घ्यायला दुसऱ्या गावी जाऊ लागले, बागेकडून येता येता. माझ्यावर मात्र त्यांची माया वाढली. मी त्यांच्यासाठी आपला शब्द मोडला ना! हळदीकुंकवाच्या दिवशी एकदा त्यांनी स्वतःहून माझा तो पेला घासून ठेवला होता. अक्षरं दाराकडे करून. म्हणजे त्यांना ते माहीत होतं. तेवढं एक माणूस रोज वाचत होतं, आणि मी बायकांच्या नजरा मोजत बसले होते.

कमलबाईचं काय झालं म्हणता? तिनं तिच्या पक्षाला शब्द दिला होता, अक्का उठतील म्हणून. तेव्हापासून ती काही बोलायला उभी राहिली की तिच्याच बाजूची माणसं विचारायची, "अक्का उठतील ना?" आणि हसायची. पुढे बाजारातही पोहोचलं ते. माल कोवळा आहे म्हटलं की गिऱ्हाईक म्हणायचं, अक्का उठतील ना? पुढच्या निवडणुकीत तिला तिकीट मिळालं नाही. आम्ही सहा जणी पुन्हा एका गच्चीवर बसलो नाही. त्या वर्षापासून मी बिबडे विकत आणते.

जागेवर गाळे झाले. पहिल्याच गाळ्यात रसवंती निघाली, उसाच्या चरकाला घुंगरं बांधलेली. बाजारभर त्यांचा आवाज यायचा. भाजीवाल्या बायका त्या आवाजात दिवसभर बसायच्या आणि रस प्यायच्या नाहीत. मी प्यायले तिथे. दोनदा. आलं-लिंबू घातलेला. चांगला होता.

आणि काही वर्षांनी नाना गेले. आजार मोठा नव्हता, माणूसच आधीपासून कमी होत आला होता.

दहाव्याच्या आत माणसं भेटायला येत होती. त्यात एके दिवशी दुपारी कमलबाई आली. मेथीची पाटी तिनं ओट्यावर उतरवून ठेवली, वर ओलं फडकं टाकलं, आणि आत येऊन खाली बसली. आम्ही सात-आठ बायका होतो. ती माझ्याशी काही बोलली नाही. भिंतीशी ठेवलेल्या नानांच्या फोटोकडे वळली, हात जोडले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नाना, मन्हा मनमा काही नही."

माझ्या मनात काही नाही. तिनं माफ केलं त्यांना. ज्यांनी काही केलं नव्हतं, त्यांना. बायकांनी माना हलवल्या. एकीनं डोळे पुसले. केवढ्या मोठ्या मनाची बाई, असं कुजबुजणं मी ऐकलं. तेव्हा माझ्याजवळ वेळ होता. भरपूर होता. ती हात जोडून तशीच बसली होती. फोटोला घातलेला हार जरा वाकडा झाला होता, तो मी उठून सरळ केला. म्हणजे उठता येत होतं मला.

सुनेनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मी म्हणाले, "कमलबाई, पाणी घ्या. उन्हातून आलात."

"नको अक्का," ती म्हणाली. "आज बजार शे."

आणि गेली. पाटी डोक्यावर घेताना तिनं मला हाक मारली नाही, एकटीनंच उचलली. मी तांब्या घेऊन खिडकीशी उभी राहिले. ती गल्लीच्या वळणापर्यंत दिसत होती. ती दिसेनाशी होईपर्यंत मी ते सगळं पाणी पिऊन टाकलं. मला तहान लागली नव्हती.